वेळासची कासवं आणि आपली सुट्टी

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं हे गाव आता मात्र कासवांसाठी ओळखलं जातं. भारतवारीत मुलांना तिथे न्यायचा बेत तुमच्याही मनात असेल, तर आधी थोडा इतिहास ऐका.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची माणसं समुद्री गरुडांची पाहणी करत होती. या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले मादी रात्री येते, वाळूत शंभरेक अंडी पुरते आणि परत जाते. तिच्या पावलांचा माग काढत माणसं अंडी उकरून नेत, उरलेली कुत्री-कोल्ही खात. वन्यजीव कायदा १९७२ पासून होताच. पण कायदा काही पहाटे किनाऱ्यावर फिरत नाही. फिरली ती गावातलीच माणसं. अंडी शोधून ती जाळीच्या कुंपणात, तशाच खोल खड्ड्यांत पुरू लागली.

कासव महोत्सव आला २००६ मध्ये, म्हणजे संरक्षणाचं काम मार्गी लागल्यावर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी हॉटेल येतं, मग निसर्ग आठवतो! इथे पाहुणे उतरले ते गावकऱ्यांच्या घरी, जेवले त्यांच्याच स्वयंपाकघरातलं, आणि पैसे गावात राहिले. त्यामुळे अंडी विकण्यापेक्षा राखणं परवडू लागलं.

घरगुती सोयीचा आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. नुकतं बाहेर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. रात्री समुद्राकडचं क्षितिज उजळ असतं, म्हणून ते पाण्यात पोचतं. किनाऱ्यालगत झगमगती रिसॉर्टं उभी राहिली, तर ते उलट दिशेला जाईल. मोबाइलचा फ्लॅशही म्हणूनच नको.

आता आपली अडचण. अंडी उबायला सुमारे पन्नास दिवस लागतात. नाताळच्या सुट्टीत गेलात, तर जाळीआड वाळूच दिसण्याची शक्यता जास्त. पिल्लं पाहायची तर मार्च-एप्रिल बरा. तेव्हाही सकाळी टोपली उचलल्यावर खाली काहीच नसेल, असं होऊ शकतं. अशा वेळी ‘आम्ही इतक्या लांबून आलोय, एखादं घरटं उकरून दाखवा ना’ असं तिथल्या माणसांना कृपया म्हणू नका.