रात्रीची नोंद

'रक्तदाब' हा शब्द मराठीत रुळून बराच काळ लोटला असला, तरी सिल्लोडच्या बाजारात तो क्वचितच कानी पडतो. तिथे माणसाला 'बीपी आहे' किंवा 'बीपी नाही' असेच म्हटले जाते. जणू तो एकदा ठरला की कायम टिकणारा गुण आहे. वस्तुतः हा आकडा चोवीस तास हलत असतो आणि त्याची सर्वांत बोलकी नोंद माणूस झोपेत असतानाची असते. ही नोंद वैद्यकाच्या वाचनात इतक्या उशिरा का आली, याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत. आम्ही साहित्याचे अध्यापक. वैद्यकातला आमचा अधिकार नाही. परंतु संदर्भावाचून नोंदीचा अर्थ लागत नाही, हा आमच्या वर्गातला रोजचा धडा या इतिहासातही मोलाचा ठरतो.

दंडाला बांधायचा पट्टा इटलीतील रिवा-रोची यांनी 1896 साली आणला आणि 1905 साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकण्याची रीत त्याला जोडली. झोपेत दाब उतरतो, हे इंग्लंडमधील लेनर्ड हिल यांनी 1898 सालीच नोंदवले होते. तथापि रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसून पट्टा आवळत राहणे व्यवहारात अशक्य होते. त्यामुळे खुर्चीत बसलेल्या, जाग्या माणसाचा आकडा हाच 'रक्तदाब' ठरला.

आपल्याकडील मोठा अध्यायही याच चौकटीत घडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेचा 50 रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. 1957 साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधा लोकव्यवहारात उन्मादावरचे आणि झोप आणणारे औषध म्हणून परिचित होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. झोप आणणाऱ्या वनस्पतीने दाब उतरवला. पण झोपेतला दाब मोजण्याचे सोयीचे साधन त्या काळी नव्हते.

1960 नंतर सॅन फ्रान्सिस्कोत मॉरिस सोकोलोव्ह यांनी अंगावर बाळगता येणारे यंत्र वापरले. मात्र पट्टा रुग्णाने स्वतः फुगवायचा असल्याने झोपताच नोंद थांबे. 1969 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी धमनीत बारीक नळी ठेवून अखंड नोंद घेतली, तेव्हा रात्र प्रथमच सविस्तर वाचता आली. पुढे आपोआप फुगणारे पट्टे आले. 1988 साली डब्लिनच्या ओब्रायन व सहकाऱ्यांनी रुग्णांचे 'डिपर' आणि 'नॉन-डिपर' असे दोन वर्ग केले. रात्री दाब उतरणाऱ्या 102 जणांपैकी 3 जणांना, तर न उतरणाऱ्या 21 जणांपैकी 5 जणांना पूर्वी पक्षाघात होऊन गेला होता. संख्या लहान होती. पण 2002 साली जपानमधील ओहासामा या ग्रामीण गावाच्या दीर्घ पाहणीने तिला बळ दिले. रात्रीचा उतार 5 टक्क्यांनी कमी असेल, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका सुमारे 20 टक्क्यांनी अधिक आढळला.

निरोगी माणसाचा दाब झोपेत साधारणतः 10 ते 20 टक्के उतरतो. मूत्रपिंडे दिवसभरातले मीठ पुरेसे बाहेर टाकू शकत नसतील, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा मधुमेहाने मज्जातंतू दुबळे झाले असतील, तर हा उतार हरवतो. हृदयाला आणि मेंदूला मिळायचा विसावाच मग मिळत नाही.

आमच्यापैकी एकाचे वडील सिल्लोड तालुक्यात शेती करतात. दवाखान्यात त्यांचा आकडा नेहमी ठीक येई. चोवीस तासांचे यंत्र लावले, तेव्हा रात्रीचा उतार जवळजवळ नव्हताच. अहवाल पाहून डॉक्टरांनी विचारले, "त्या रात्री आपण झोपला होता का?" ते झोपले नव्हते. शेतपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. पहाटे तीनपर्यंत ते मक्याला दारे धरत होते. यंत्राची रात्र घड्याळाची होती, त्यांची नव्हती. मुक्कामी झोपलेल्या रात्री पुन्हा नोंद घेतली. उतार तेव्हाही अपुराच निघाला, म्हणून उपचार सुरू झाले. पण निदान आता खऱ्या झोपेवर आधारलेले होते.

शेतपंपांना दिवसा वीज मिळावी, यासाठी 2017 साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिची चर्चा सहसा वीजबिल आणि सर्पदंश यांच्या संदर्भात होते. शेतकऱ्याची झोप हाही तिचा विषय आहे, असे आम्हांला वाटते.

सोप्या निष्कर्षाचा मोह मात्र आवरला पाहिजे. रात्रीचा दाब घातक, तर गोळी रात्रीच घ्यावी, असे मत मध्यंतरी बळावले होते. ब्रिटनमधील 21,104 रुग्णांच्या 'टाइम' चाचणीत सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात व मृत्यू यांबाबत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. हे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. धोका ओळखणे आणि त्यावरचा उपाय सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळीची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरावी. त्यांच्याकडे जाताना आपण मात्र आकड्याबरोबर आपली रात्रही सांगावी: किती झोपलो, घोरतो का, कितीदा उठलो आणि पाणी द्यायला शेतावर गेलो होतो का.