‘सुमारे इतके निकाल’ : शोधयंत्राच्या आकड्यावर किती विसंबायचं?

संशोधनाच्या आराखड्यात एक वाक्य हमखास भेटतं : ‘या विषयावर इंटरनेटवर फारच कमी निकाल मिळतात, म्हणजे विषय दुर्लक्षित आहे.’ तुम्ही शहापूर किंवा मुरबाड तालुक्याच्या इतिहासावर काम करणार असाल, तर हे वाक्य लिहायचा मोह नक्की होईल. त्याआधी हा आकडा येतो कुठून, ते बघू.

१९९८ साली स्टीव्ह लॉरेन्स आणि ली जाइल्स यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात सहा शोधयंत्रांची तुलना मांडली. त्यांच्या अंदाजानं वेबवर तेव्हा निदान ३२ कोटी पानं होती आणि एकाही यंत्राकडे त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग नव्हता. हे मोजलं कसं? तळ्यातले मासे मोजतात तसं. काही मासे पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि खुणेचे किती परत आले त्यावरून एकूण किती ते काढायचं. इथे दोन यंत्रांत सामाईक पानं किती, हे बघितलं. यंत्रांचं आपसात न जुळणं हीच माहिती ठरली.

पुढे आकड्यांची चढाओढ लागली. ऑगस्ट २००५ मध्ये याहूनं आपल्याकडे १,९०० कोटींहून जास्त दस्तऐवज असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात गुगलनं मुखपृष्ठावरचा पानांचा आकडा काढून टाकला. त्याच वर्षी झाँ व्हेरोनिस या फ्रेंच भाषावैज्ञानिकानं दाखवलं, की ‘हा शब्द किंवा तो शब्द’ असं शोधलं तर एकट्या शब्दापेक्षाही कमी निकाल दिसतात. साध्या गणितात हे बसत नाही.

कारण यंत्र सगळं मोजतच नाही. त्याची सूची अनेक संगणकांवर विभागलेली असते. थोडा भाग चाळून बाकीचा अंदाज बांधला जातो, कारण उत्तर क्षणात द्यायचं असतं. सगळ्या ठिकाणची सूची एकाच वेळी अद्ययावतही होत नाही. शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा : सारखी पानं गाळल्यावर हजारोंचा आकडा कधी कधी काहीशेवर येतो.

आता आपल्या भागाकडे या. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. हे शोधताना ‘सिद्धगड’ आणि ‘सिध्दगड’ दोन्ही टाकून बघा. डोळ्याला शब्द एकच, पण द आणि ध यांचा क्रम बदलला की यंत्राला तो वेगळा वाटू शकतो. ‘शहापूर’ आणि ‘शहापुर’चं तेच. शिवाय बेळगावातही शहापूर आहे, यादगीर जिल्ह्यातही आहे, म्हणजे आकडा फुगतोही. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये ‘ठाणे’ हे ‘ठाणा’ म्हणून येतं. आणि ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे तरी काय? १ ऑगस्ट २०१४ पर्यंत जव्हार-मोखाडाही त्यातच होते, नंतर ते पालघरमध्ये गेले.

म्हणून कमी निकाल म्हणजे कमी इतिहास नव्हे. कदाचित तो दुसऱ्या स्पेलिंगखाली असेल, मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या दप्तरात असेल, किंवा वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असेल. ते आकड्यात कधीच येणार नाही. आणि ‘काहीच उपलब्ध नाही’ असं एकदा प्रबंधात छापलं गेलं, की पुढचा विद्यार्थी तेच उचलतो.

मग करायचं काय? शोधाचे नेमके शब्द, यंत्र आणि तारीख वहीत लिहा. नावाची सगळी रूपं टाकून बघा. प्रत्यक्ष उघडून वाचलेली पानंच मोजा. प्रबंधात ‘इतके निकाल मिळाले’ असं लिहू नका, ‘एवढं वाचलं, त्यात हे सापडलं’ असं लिहा. मौखिक परीक्षेत कुणी विचारलं, तर याच आकड्याचं उत्तर तुम्हाला देता येईल.