अपुरी स्मृती आणि गोठणारा संगणक : एका निदानाचा इतिहास

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकास ३० डिसेंबर १८०३ च्या शिंदे-इंग्रज तहामुळे परिचित आहे. त्याच गावी आज एखाद्या पेढीवर जुन्या हिशेबी आज्ञावलीचा पडदा गोठला, तर त्या अडचणीसही स्वतःचा कालखंड असतो. ‘स्मृती कमी पडली’ असे सर्रास सांगितले जाते. परंतु कोणती स्मृती, हे सहसा विचारले जात नाही, आणि उपाय चुकतो तो येथेच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाची मुख्य स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे अवघी १० किलोबाइट होती. तेथे टंचाई अकस्मात उद्भवत नसे. आज्ञावली रचतानाच एकेका घराचा हिशेब मांडावा लागे.

१९८१ च्या आयबीएम पीसीवरील डॉस प्रणालीत आज्ञावल्यांच्या वाट्यास फार तर ६४० किलोबाइट येत. माउस, छपाई इत्यादींच्या साहाय्यक आज्ञावल्या त्यातच ठाण मांडीत. देवनागरीच्या अक्षरजुळणीचे काम पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने मुख्य यंत्राबाहेर नेले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय होय. डॉसमध्ये एकीने दुसरीच्या जागेवर अतिक्रमण केल्यास अटकाव नसे. सारे यंत्रच थांबे. प्रारंभीच्या सूचनाफायलींतून अनावश्यक आज्ञावल्या वगळणे, हा तेथील खरा उपाय.

सर्वांत फसवे प्रकरण १९९२ च्या विंडोज ३.१ चे. तीत खिडक्या आणि रेखाटनसाधने यांच्या नोंदींसाठी ६४ किलोबाइट मर्यादेचे राखीव खण होते. एखादी आज्ञावली घेतलेली जागा परत करण्यास चुकली, की ते खण भरत. मग कित्येक मेगाबाइट रिकामे असूनही ‘स्मृती अपुरी’ अशी सूचना येई. नव्या चिपा बसवून येथे काहीच साधत नसे. त्या आज्ञावल्या मिटवून विंडोज पुन्हा सुरू करावी लागे. विंडोज ९५ मध्येही या मर्यादेचा काही अंश उरला होता.

पुढील प्रणालींत स्मृतीतील पाने डिस्कवर हलविण्याची पद्धत रूढ झाली. तिचे मूळ मँचेस्टरच्या १९६२ च्या अ‍ॅटलस यंत्रात आहे. पानांची ने-आण अनावर झाली, की यंत्र गोठल्यासारखे दिसते. वस्तुतः ते डिस्कशी झुंजत असते. डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असेल तर वीज न तोडता थांबावे, इतर आज्ञावल्या मिटवाव्यात. स्मृतीची भर घातल्याने गुण येतो तो या प्रकारात.