उचललेले पिल्लू आणि टाकलेले पिल्लू

इसवी सनापूर्वी सुमारे शंभर वर्षे, मेलिएगर नावाच्या ग्रीक कवीने सशाच्या एका पिल्लावर मृत्युलेख रचला. पिल्लू अंगावर पीत होते तेव्हाच त्याला आईपासून काढून आणले गेले. फॅनियन नावाच्या स्त्रीने त्याला मांडीवर घेऊन वसंतातली फुले चारत वाढवले. आईची आठवणही विसरलेले ते पिल्लू शेवटी अतिखाण्याने मेले. अनाथ पिल्लू सांभाळण्याच्या हौसेची ही फार जुनी नोंद म्हणता येईल, आणि तिच्यातच पुढच्या दोन हजार वर्षांची गोम आहे. पिल्लाला आईने टाकलेले नव्हते, ते माणसाने उचलले होते. ससे वाचवण्याच्या इतिहासात आईने टाकलेले पिल्लू फार क्वचित भेटते. माणसाने उचललेले किंवा पाळून सोडून दिलेले पिल्लू मात्र जागोजागी भेटते. या दोघांना आपण एकाच दयेच्या खात्यावर मांडतो आणि तिथेच हिशेब चुकतो.

या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध दाखला इंग्लंडमधला आहे. १७७३ साली कवी विल्यम कूपर मानसिक आजाराने पार खचला होता. पुढच्याच वर्षी बकिंगहॅमशायरमधल्या ऑल्नी या गावी त्याच्याकडे रानसशाचे एक पिल्लू आले. शेजाऱ्याच्या मुलांना कोणीतरी ते खेळायला दिले होते. मुलांचा उत्साह ओसरला, पिल्लू वाळू लागले, तेव्हा बापाने ते कूपरला देऊन टाकले. ही बातमी गावात पसरल्यावर लोकांनी त्याला इतकी पिल्ले देऊ केली की, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, एखादे कुरण भरून गेले असते. या तपशिलाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. एवढी पिल्ले अचानक अनाथ कशी झाली? सांभाळणारा मिळाला, म्हणून ती उचलली गेली, हेच सरळ उत्तर दिसते. कूपरने तीन ठेवली: पस, टायनी आणि बेस. नावे बायकी असली तरी तिन्ही नर होते. १७८४ साली ‘जंटलमन्स मॅगझिन’ला लिहिलेल्या पत्रात त्याने त्यांचे स्वभाव बारकाईने टिपले. पस आजारातून उठल्यावर शुश्रूषा करणाऱ्या कूपरच्या हाताची बोटे चाटत राहिला, बागेत जायचे असले की कोटाची शेपटी ओढू लागला. टायनीचीही तशीच शुश्रूषा झाली होती, पण तो अखेरपर्यंत गुरगुरत पुढच्या पायांनी फटके मारत राहिला. बेस लवकर गेला, टायनी नऊ वर्षे जगला, आणि पस जवळजवळ बारा वर्षांचा होऊन मार्च १७८६ मध्ये मेला. रानात इतके आयुष्य सशाच्या वाट्याला सहसा येत नाही.

मग कूपर चुकला असे कसे म्हणायचे? पिल्ले जगली, माणूसही सावरला. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. शिवाय प्रत्येक सशाचा स्वभाव वेगळा असतो, हे शिकारीने नादावलेल्या समाजाला कूपरनेच पटवून सांगितले. या पत्राचे मोल त्यामुळे केवळ पशुपालनापुरते नाही. पण त्याच्या यशाचा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. त्याच्याकडे पहिले पिल्लू आले तेव्हा ते सुमारे तीन महिन्यांचे होते. रानसशाचे पिल्लू महिन्याभरात दूध सोडते. म्हणजे कूपरला पाला, पाव आणि गाजरे खाणारे जनावर मिळाले होते. दुधावरच्या पिल्लाला जगवण्याचा प्रसंग त्याच्यावर आलाच नाही. त्याच्या कहाणीवरून बोटभर पिल्लाच्या तोंडात दुधाचा ड्रॉपर देण्याचे धैर्य घेणे म्हणजे भलत्याच पुराव्यावर भलताच निकाल देणे.

दुधावरच्या पिल्लाचे गणित फार उशिरा उलगडले. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण बिळातल्या सशाची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात, तर रानसशाची पिल्ले अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. आईचे वागणे मात्र दोन्हीकडे सारखेच चकवणारे आहे. बिळातली मादी चोवीस तासांत साधारण एकदाच पिल्लांकडे जाते, तीन-चार मिनिटे पाजते आणि निघून जाते. रानसशाची पिल्ले दिवसभर वेगवेगळी दबून बसतात आणि सूर्यास्तानंतर जन्मजागी गोळा होतात. मग आई येते. दोन डच संशोधकांनी या रात्रीच्या भेटींचे निरीक्षण १९८० साली प्रसिद्ध केले. आई दिवसभर लांब राहते ते कोल्ह्यासारख्या शिकाऱ्याला माग लागू नये म्हणून. नेमक्या याच पोकळ वेळी माणूस येतो, एकटे पिल्लू पाहतो आणि आई निर्दय आहे असे ठरवतो. गवतात अजिबात न हलणारे पिल्लू त्याला खचलेले वाटते. खरे तर ते आपले काम चोख करत असते.

उचलल्यानंतर जे घडते त्याची कारणेही आता बरीच कळली आहेत. सशाच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास असतो, म्हणूनच दिवसातून एक पाजणी पुरते. आंधळे पिल्लू त्या तीन-चार मिनिटांत स्तन शोधते ते वासावरून. त्या वासामागचे द्रव्य फ्रेंच संशोधकांनी २००३ साली ओळखले. आईच्या दुधापासून पिल्लाच्या पोटात जी स्निग्ध आम्ले तयार होतात ती आतड्यातल्या जंतूंना आवर घालतात. गाईच्या दुधावर ठेवलेल्या पिल्लाला ते कवच मिळत नाही. त्यामुळे पोट फुगून, हगवण लागून पिल्ले मरतात, आणि घरातली माणसे समजतात की त्याला आई नव्हती म्हणून ते मेले. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूतही खोटीच. उलट ती समजूत उचललेले पिल्लू परत न ठेवण्याची सोयीस्कर सबब ठरते. अमेरिकेत कॉटनटेल सशांच्या घरट्यावर दोरे आडवेउभे टाकून ते सकाळी विस्कटलेत का, एवढेच पाहायला सांगतात. विस्कटलेले असले तर आई येऊन गेली.

यावर दुसरा आक्षेप असा की सावध राहण्याच्या नावाखाली खरोखर संकटातले पिल्लूही दुर्लक्षित राहील. मांजराने चावलेले, गवत कापायच्या यंत्राखाली सापडलेले किंवा मेलेल्या आईशेजारचे पिल्लू उचलायलाच हवे, आणि लगेच पशुवैद्याकडे न्यायला हवे. पण हे अपवाद ओळखायचे तर आधी नियम ठाऊक हवा. हा नियम सशापुरताही नाही. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी सापडणारे बिबट्याचे बछडे वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट्या बचाव केंद्रातली मंडळी शक्य तिथे त्याच फडात रात्री परत ठेवतात, आणि आई येऊन त्यांना घेऊन जाते. बछड्याला बाटलीने वाढवण्यापेक्षा हे सोपे नाही, गावकऱ्यांना समजावणे तर मुळीच नाही. तरी ते होते. आपल्याकडचा रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तेव्हा त्याचे पिल्लू घरी पाळण्याचा प्रश्न कायद्यानेही मिटतो.

खरे टाकलेले पिल्लू मात्र पाळीव सशाचे असते, आणि त्याच्यासाठी हळहळणारे कमी. मुलांना भेट म्हणून ससा आणायचा आणि कंटाळा आला की बागेत सोडून द्यायचा, हा प्रकार ऑल्नीच्या त्या मुलांपासून फारसा बदललेला नाही. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या आवारात असे सोडलेले ससे वाढत गेले, २०१० च्या सुमारास त्यांची संख्या हजारावर गेली, आणि मारण्याला विरोध झाल्यावर शेकडो ससे पकडून, नसबंदी करून आश्रयस्थळांत हलवावे लागले. कॅलिफोर्नियात १९८८ साली स्थापन झालेल्या हाऊस रॅबिट सोसायटीने अशा सशांना माणसांच्या घरी तात्पुरते ठेवून मग कायमचे घर मिळवून देण्याची पद्धत रुजवली. इथे ‘रान आहे, जाईल कुठेतरी’ म्हणणे हेच क्रौर्य आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या जातीला ना लपता येते, ना पळता. मादी साधारण एकतीस दिवसांत विते आणि वितल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून सोडलेली एक मादी बघता बघता पिल्लांची रांग उभी करते.

या पिल्लांसाठी उत्तम दाईचे ज्ञान प्राणिमित्रांच्या आधी मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे वाढवणाऱ्यांकडे होते, हे कबूल करायला जड जाते. एकीची पिल्ले जास्त झाली किंवा ती मेली, की ते लोक पिल्ले त्याच दिवसांत व्यालेल्या दुसऱ्या मादीच्या घरट्यात मिसळून टाकत. तिने घरट्यासाठी उपटलेले स्वतःचे केस त्यांच्या अंगावर पसरत, आणि दुसऱ्या दिवशी पोटे गच्च भरलेली आहेत का ते हाताने चाचपून पाहत. मादी सहसा परकी पिल्ले पाजते. त्यांना हे नफ्यासाठी हवे होते. पद्धत मात्र आजही तीच आहे, आणि ड्रॉपर हा दुसरी मादी मिळाली नाही तरचा उपाय.