कल्याणच्या लोहाराची वाट

लहान मुलांना बरोबर घेऊन इतिहास पाहायला निघालेल्या माणसाला इतिहास बेताचाच दिसतो. वाट मात्र पोटभर दिसते. आपण लेणं पाहायला निघालेलो असतो, मुलं वाट पाहायला निघालेली असतात. आणि ती तरी सरळ पाहतील तर शपथ! पाच किलोमीटरची वाट मोठ्या माणसाला पाच किलोमीटरच पडते. सात वर्षांच्या मुलाला ती आठ पडते, कारण प्रत्येक वळणापर्यंत तो पुढं पळतो आणि वळणापलीकडं काय आहे हे सांगायला मागं येतो. (वळणापलीकडं बहुतेक वेळा दुसरं वळण असतं.) चार वर्षांच्या मुलीला तीच वाट अडीच किलोमीटर पडते, उरलेले अडीच तिच्या वतीनं तिचे वडील चालतात. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. एकाचं देणं दुसऱ्याच्या खात्यावर कसं जातं, हे मला पुस्तकात जितकं समजलं नव्हतं तितकं कान्हेरीच्या चढावर समजलं.

कान्हेरी म्हणजे बोरीवलीच्या नॅशनल पार्कातली लेणी. पार्काच्या फाटकापासून आत पाच-सहा किलोमीटर. पार्काला संजय गांधींचं नाव मिळालं ते १९८० नंतर. पण बोरीवलीकर मंडळी अजून त्याला नुसतं 'पार्क' म्हणतात, जसं घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला नाव न घेता 'अण्णा' म्हणावं तसं. त्याआधी तिथं कृष्णगिरी उपवन होतं. कृष्णगिरीचं प्राकृतात झालं कण्हगिरी, आणि कण्हगिरीचं कान्हेरी. हे मी फाटकातच मुलांना सांगून टाकलं, कारण पुढं दम उरत नाही हा अनुभव.

"म्हणजे कृष्ण इथं राहायचा?" थोरला.

"नाही रे, कृष्ण म्हणजे काळा. काळा डोंगर."

"मग काळा डोंगर असंच का नाही म्हणत?"

इतिहासाच्या अभ्यासकांना असले प्रश्न पडत नाहीत, म्हणूनच त्यांचे ग्रंथ पुरे होतात.

तर हा काळा डोंगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे बौद्ध भिक्खूंनी इथं दगडात राहायला सुरुवात केली आणि जवळजवळ हजार वर्षं ते राहिले. शंभरावर लेणी आहेत. त्यातला मोठा चैत्य, तिसऱ्या क्रमांकाचा, दुसऱ्या शतकातल्या यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. तो गजसेन आणि गजमित्र या दोघा व्यापारी भावांनी करवला. त्याच्या ओसरीत दोन बाजूंना दोन बुद्ध उभे आहेत, ते बरेच नंतरचे. उंची वीस फुटांच्या वर. धाकटीनं मान मागं टाकून विचारलं, "हा एवढा उंच कसा झाला?" मी शिल्पशैलीबद्दल काही बोलणार एवढ्यात आमची ही म्हणाली, "रोज दूध प्यायचा." इतिहासाचा इतका रोखठोक फायदा उठवलेला मी दुसरा पाहिला नाही.

पण मला सांगायचंय ते चैत्याबद्दल नाही. चैत्य सगळेच सांगतात. कान्हेरीला दगडांवर शिलालेख फार आहेत, आणि ते बहुतेक राजेमहाराजांचे नसून आपल्यासारख्यांचे आहेत. कल्याण, सोपारा, चौल असल्या गावांहून आलेले व्यापारी, सोनार, भिक्खुणी. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं दिलं. कल्याणच्या स्वामिदत्त सोनारानं टाकंच दिलंय. आपल्याकडं देवळातल्या पंख्याच्या तीन पात्यांवर तीन पिढ्यांची नावं घालून तो 'सप्रेम भेट' देतात, त्याच कुळातला हा प्रकार. फरक इतकाच की पंखा फिरायला लागला की दात्याचं नाव दिसत नाही, आणि दगड फिरत नाही.

या सगळ्या दात्यांत एकजण असा आहे की ज्यानं लेणं दिलं नाही, टाकं दिलं नाही, मूर्ती दिली नाही. तो कल्याणचा नंद नावाचा लोहार. त्याचा एवढासा लेख आहे. त्यानं काय दान दिलं? वाट. नुसती वाट.

पुस्तकात हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुढं सरकलो होतो. चार वर्षांची मुलगी खांद्यावर घेऊन कान्हेरीच्या कातळातल्या पायऱ्या चढताना तो लोहार आठवला आणि त्याचं काय मोल आहे हे पोटऱ्यांना कळलं. लेणं देणाऱ्याला पुण्य मिळतं. ते लेण्यात बसलेल्याच्या लक्षात राहतं. पण भिक्खू काही लेण्यातच बसून राहत नाहीत. ते चालणार. गावात भिक्षेला उतरणार, पुन्हा चढणार. आणि भिक्खू तरुणच असतात असं थोडंच आहे? सत्तरीतला एखादा महाथेर शेवाळलेल्या उतारावरून सावकाश उतरतोय, हे दृश्य कुणाला दिसलं असेल तर लोहारालाच. का, तर माझा आपला तर्क असा: लेणी छिन्नीनं कोरतात, छिन्नी बोथट होते, आणि तिला धार लावायला लोहार लागतो. वर ध्यान करणारे करोत, गजसेन-गजमित्र नाव कोरोत. छिन्न्यांची जड पिशवी घेऊन हा डोंगर वरखाली कुणी केला असेल? ज्यानं केला त्यानं म्हटलं असेल, बाबांनो, तुमचं चालू द्या, मी आधी वाट करतो. कल्याणहून तो बहुधा खाडीतून होडीनं ठाण्याच्या बाजूला येत असेल आणि मग डोंगर. आपण फास्ट लोकलनं येतो आणि तरी दमतो.

भिक्खूंचं राहायचं झालं, पाण्याचं झालं, वाटेचंही झालं. पण त्यांच्या कापडचोपडाचा खर्च कोण करी? इथं मात्र मी माझ्या हद्दीत आलो. त्याची व्यवस्था मुदतठेवीतून होई! तिला 'अक्षयनीवी' म्हणत. म्हणजे मुद्दल कधी मोडायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. कान्हेरीला शके ७७५ मध्ये थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकानं शंभर द्रम्मांची अशी ठेव ठेवली आहे. पण पूर्ण हिशोब हवा असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यात जावं लागतं. तिथं नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तीन हजार कार्षापण गुंतवले, तेही विणकरांच्या दोन श्रेणींत विभागून. (सासरा राजा असूनही सगळा पैसा एका ठिकाणी ठेवला नाही. जावई हुशार.) दोन हजार दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दरानं. पहिल्या व्याजातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आता करा हिशोब. दोन हजारांवर शेकडा एकनं महिन्याला वीस, वर्षाला दोनशेचाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशेचाळीस. एक कवडी इकडची तिकडं नाही! मी हा हिशोब कागदावर दोनदा तपासला. आमच्या शाखेत दिवसाचा ताळा पहिल्या फटक्यात जुळला तर आम्ही एकमेकांना चहा पाजतो; इथं एकोणीसशे वर्षांचा जुळलेला.

आमच्या हेडकॅशियरना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मुदतीआधी मोडली तर?"

"मोडायचीच नाही. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, असं दगडावर लिहून दिलंय."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असे खातेदार गेले कुठं हो?"

असो. वाटेवर येऊ. या वाटेनं सगळेच काही भक्तिभावानं आले नाहीत. काही चक्क सहलीला आले. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. पारशी मंडळी इथं तीनदा आली: १००९ साली १० ऑक्टोबरला, त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, आणि पुन्हा १०२१ साली ३० ऑक्टोबरला. पाऊस संपलेला, रान हिरवं, ऊन अजून कोवळं. याच दिवसांत आजही बोरीवली-कांदिवलीची कुटुंबं डबे घेऊन निघतात. या मंडळींनी लेण्यात आपापली नावं कोरली, तारखेसकट. कुणी कुणाचा मुलगा तेही दिलंय. त्यात माहायार म्हणून एक गृहस्थ आहेत आणि माहायारचे म्हणून दोन मुलगेही. वयं दिलेली नाहीत. पण दोन मुलगे आणि बाप डोंगर चढतायत म्हटल्यावर पुढचा संवाद मला पाठ आहे. तो पहलवीत झाला असेल इतकंच.

हे सांगून मी गोत्यात आलो. "मग मी पण नाव लिहितो," थोरल्यानं दगड उचलला. त्याला सांगितलं की लेण्यावर नाव कोरणं हा गुन्हा आहे, पोलीस धरतात. "मग त्यांना का नाही धरलं?" याला उत्तर नाही. हजार वर्षं पचली की गुन्ह्याचा शिलालेख होतो, हे सात वर्षांच्या मुलाला कसं सांगणार?

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांच्या एका पाद्र्याची गोष्ट दियोगो दो कोउतो या इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. कान्हेरीचं भुयार थेट खंबायतेपर्यंत जातं असं पाद्रीबुवांच्या कानावर आलं. त्यांनी वीसेक माणसं घेतली, बंदुका, दोर, पाणी, खाण्याचं सामान घेतलं, आणि म्हणे सात दिवस आत चालले. शेवट लागेना, परत आले. हे वाचून मला आमच्या हिच्याबद्दलचा आदर वाढला. अर्ध्या दिवसाच्या चालीसाठी तिनं दशम्या, चटणी, चिवडा, केळी, दोन टॉवेल, कपड्यांचे जादा जोड आणि कैलासजीवन घेतलं होतं. पाद्रीबुवांबरोबर ही असती तर खंबायत आलं असतं. केळी मात्र आमच्यापर्यंत पोचली नाहीत. कान्हेरीची माकडं हिशोबाला चोख आहेत, प्रवेशकर भरल्याशिवाय सोडत नाहीत.

मुलांना सगळ्यात आवडली ती टाकी. लेण्यालेण्यापाशी दगडात खोदलेली, वरच्या कातळावरून पन्हळी कोरून पाऊस त्यांत आणलेला. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हणतात. धाकटी एका टाक्याशी अर्धा तास बसली. आत बेडकाची पिल्लं होती. शंभर लेणी वाट बघत होती आणि आम्ही सहकुटुंब एका टाक्याभोवती. पण खरं सांगू? या डोंगराचा सगळा पुढचा इतिहास पाण्याचाच आहे. विहिरी-तळ्यांवर जगणारी मुंबई तहानेनं व्याकुळ व्हायला लागली तेव्हा इंग्रजांनी याच डोंगरांत १८६० साली विहार तलाव पुरा केला आणि १८७९ साली तुळशी. आता तलावात स्वच्छ पाणी यायचं तर भोवतीच्या डोंगरावर शेती नको, वस्ती नको, गुरं नकोत. म्हणून जंगल राखलं. झाडांवरच्या प्रेमापोटी नव्हे, नळाच्या पाण्यापोटी. आज शहराच्या पोटात शंभरावर चौरस किलोमीटर रान उभं आहे, त्यात बिबटे फिरतात, आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते. २०२४ साली फुलली. पुढची २०३२. धाकटी तोवर स्वतःच्या पायांनी चालत असेल असा माझा अंदाज आहे.

मात्र हे रान कुणाचं, हा हिशोब काही उषवदाताइतका सुबक जुळत नाही. १९९७ साली उच्च न्यायालयानं पार्कातली अतिक्रमणं काढायचा हुकूम दिला. हजारो झोपड्या हलल्या. कडेकडेनं आमच्यासारख्यांचे टॉवर चढत होते, ते रानाच्या अंगावर आले की रान त्यांच्या अंगावर आलं हे ज्यानं त्यानं आपल्या खिडकीतून ठरवावं. पण त्या रानात वारल्यांचे पाडे आहेत, तलावांच्या आधीपासूनचे. त्यांना कुणी विचारलं की तुम्ही इथं कधीपासून, पुरावा काय, तर त्यांच्याकडं शिलालेख नाही. माहायारच्या मुलांकडं आहे. एक दिवस आली होती ती.

उतरताना वाटेकडेला एक बाई टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. धाकटीनं तोवर माझ्या खांद्यावरची जागा कायम केली होती. बाईनं काकडीला उभ्या चिरा दिल्या, तिखटमीठ भरलं आणि मुलीकडं बघून म्हणाली, "ही का चालत नाय? आमची पोरं रोज शाळंला चालत जातात."

"कुठून?" हिनं विचारलं.

बाईनं नुसता हात केला. तिकडं मला तरी वाट दिसेना, झाडंच होती.

काकडी हातात पडताच धाकटी आपण होऊन खाली उतरली. खांद्यावर बसून खाल्लं तर तिखट बाबांच्या डोळ्यांत जातं, असं तिनं कारण दिलं. आणि काय आश्चर्य, फाटकापर्यंत चालली! मधेच तिनं विचारलं, "बाबा, ही वाट कुणी दिली म्हणालात?"

"लोहारानं."

"तो कुठं राहतो?"

"कल्याणला," मी म्हणालो. राहायचा म्हणायला हवं होतं, पण मी दमलो होतो.

पुढच्या रविवारी आम्ही कल्याणला जाणार आहोत. तिनं त्याच्यासाठी अर्धी काकडी रुमालात बांधून फ्रिजमध्ये ठेवली आहे.