बदली पत्ता व बनावट पत्ता

पत्त्यांच्या जोडांतील एखादें पान हरवलें म्हणून घरांतला डाव मोडल्याचें सहसा ऐकूं येत नाहीं. अशा प्रसंगीं जोडाबरोबर आलेला जोकर कामास येतो. त्याच्या कोपऱ्यांत शाईनें 'किलवर सत्ती' असें लिहिलें कीं, त्या क्षणापासून तो किलवर सत्ती होतो. मग मेंढीकोट असो वा बदाम सात असो, त्या पानाचा मान कोणी नाकारीत नाहीं. चित्र विदूषकाचेंच राहतें, पण तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पानाचा अधिकार कागदांत नसतो, तो खेळणारांच्या संमतींत असतो, हें तत्त्व आपण सर्वांनीं न बोलतां मान्य केलेलें आहे.

आतां असा एक खेळ कल्पावा कीं, ज्यांत प्रत्येकानें आपला जोड स्वतः जमवावयाचा, त्यासाठीं बंद पाकिटें विकत घ्यावयाचीं, पाकिटांत कोणतें पान निघेल हें आधीं कळावयाचें नाहीं, आणि त्यांतील कांहीं पानांची किंमत एखाद्या घराएवढी असावयाची. तेथेंहि शाईनें नांव लिहिलेलें पान चालवून घ्यावें काय? 'मॅजिक : द गॅदरिंग' ह्या अमेरिकन खेळानें गेलीं तीस-बत्तीस वर्षें हा प्रश्न जागता ठेविला आहे.

ह्या खेळांत घरीं केलेल्या पत्त्यास 'प्रॉक्सी' म्हणतात. आमच्या व्यवसायांतील लोकांस हा शब्द हजेरीपटामुळें फार चांगला परिचित आहे. मागच्या बाकावरून दुसऱ्याच्या नांवानें 'हजर' असा आवाज येतो तो प्रकार. परंतु तेथें मुळांतच लबाडी असते, येथें ती असेलच असें नाहीं. म्हणून आम्ही गिरणगांवांतील शब्द उसना घेऊन त्यास 'बदली पत्ता' म्हणतों. बदली कामगार दुसऱ्याच्या साच्यावर उभा राहून काम करतो, पण आपण तो दुसराच आहों असें कोणास भासवीत नाहीं.

खेळाचा जन्म मोठा मौजेचा आहे. रिचर्ड गारफील्ड हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत गणितांतील डॉक्टरेटसाठीं अभ्यास करीत होता. १९९१ सालीं त्यानें आपला पटावरचा एक खेळ पीटर ॲडकिसन ह्यास दाखविला. ॲडकिसननें नुकतीच 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' नांवाची लहानशी कंपनी काढली होती. तो खेळ छापण्याचा खर्च कंपनीस झेपण्याजोगा नव्हता. तेव्हां थोड्या वेळांत आटोपेल व सहज बरोबर नेतां येईल असा खेळ त्यानें मागितला. त्या मागणींतून 'मॅजिक' निघाला. दोन खेळाडू म्हणजे दोन मांत्रिक. प्रत्येकापाशीं वीस गुण आयुष्य. भूमीच्या पत्त्यांतून बळ काढावयाचें, त्या बळावर मंत्रांचे व प्राण्यांचे पत्ते टाकावयाचे आणि प्रतिपक्षाचें आयुष्य शून्यावर आणावयाचें. छापखान्यांत जाण्यापूर्वीं हा खेळ विद्यापीठाच्या मित्रमंडळींत बराच काळ चालला होता. त्या वेळचे सारे पत्ते घरगुती होते; इकडची तिकडचीं चित्रें कापून, त्यांच्या छायाप्रती काढून, कात्रीनें कातरलेले. म्हणजे बदली पत्ता हा अस्सल पत्त्यामागून आलेला नसून वयानें त्याच्याहून वडील आहे. पुढील वादांत ह्या वडीलकीची आठवण फारशी कोणी ठेविली नाहीं.

छापील खेळ १९९३ च्या ऑगस्टमध्यें बाजारांत आला. पहिल्या आवृत्तीस 'अल्फा' म्हणतात. तिच्यांत निरनिराळे २९५ पत्ते होते व एकूण सुमारे २६ लक्ष प्रती बेल्जमांतील छापखान्यांतून आल्या होत्या. त्या पाहतां पाहतां खपल्या. कांहीं पत्ते विपुल व कांहीं विरळ, अशी योजना मुद्दामच केलेली होती. सर्वांत विरळ गटापैकीं प्रत्येक पत्ता 'अल्फा'मध्यें अवघा ११०० च्या आसपास छापला गेला. गारफील्डची कल्पना अशी कीं, माणूस एका पटाच्या खेळास जितके पैसे खर्चील तितकेच ह्यावर खर्चील, मित्रमंडळांत असला बलवान् पत्ता एखाद्याच्याच हातीं असेल, आणि तो अदलाबदलीनें फिरत राहील. आरंभींच्या नियमांत तर प्रत्येक डावास एकेक पत्ता पैजेस लावावयाचा होता. लोकांनीं त्याचा अंदाज साफ खोटा ठरविला. त्यांनीं पाकिटांमागून पाकिटें फोडलीं, बलवान् पत्ते निवडून ठेविले, आणि किमती चढल्यावर पैजेचा नियमहि मागें पडला.

'ब्लॅक लोटस' हा त्यांतील सर्वांत नामांकित पत्ता. तो टाकण्यास कांहींच बळ लागत नाहीं, आणि स्वतः नष्ट होऊन तो तीन मात्रा बळ एकदम देतो. म्हणजे एका भूमीच्या साह्यानें पहिल्याच खेपेस चौथ्या खेपेचें सामर्थ्य हातीं येतें. १९९३ सालच्या तीन आवृत्त्या मिळून त्याच्या बावीस-तेवीस हजार प्रती निघाल्या. पुढें तो खेळास चालेल अशा रूपांत पुन्हां छापला गेला नाहीं. २०२१ च्या जानेवारींत 'अल्फा' आवृत्तींतील एक प्रत लिलावांत ५,११,१०० डॉलरांस गेली. ती उत्तम स्थितींत होती व तिच्या आवरणावर चित्रकार ख्रिस्तोफर रश ह्याची सही होती. एवढें द्रव्य मोजणारा गृहस्थ ती प्रत घेऊन डाव मांडीत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

एका पत्त्यास असे दोन धर्म चिकटावे, एक खेळांतला आणि एक खेळाबाहेरचा, हें पूर्वींहि घडलेलें आहे. इंग्लंडांत पत्त्यांवर कर असे. १७६५ पासून इस्पिकचा एक्का पत्ते करणाराने छापावयाचा नाहीं, तो सरकारी स्टँप कचेरींतून छापून यावयाचा, अशी व्यवस्था झाली. तो एक्का म्हणजेच कर भरल्याची पावती. १८०५ सालीं रिचर्ड हार्डिंग ह्या इसमास इस्पिकचे खोटे एक्के केल्याबद्दल फांशी देण्यांत आली. हार्डिंगचा एक्का टेबलावर राजास खुशाल जिंकीत होता; खेळणाराचें त्यांत कांहींच बिघडलें नाहीं, बिघडलें तें महसूल खात्याचें. परंतु कोऱ्या पुठ्ठ्यावर त्यानें शाईनें 'एक्का' असें लिहिलें असतें, तर त्याला कोणत्याहि न्यायाधीशानें फांसावर चढविलें नसतें. सरकारचा म्हणून खपावा ह्या हेतूनें तो केला, हा त्याचा गुन्हा. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत १२० पत्ते असतात. गंजिफ्यांत श्रीमंती थाटाचें तें दरबारी कलम व सामान्यांच्या ऐपतीचें तें बाजारी कलम असा भेद रूढ होता. तेथेंहि भेद कलाकुसरींत व किमतींत होता; दरबारी कलमाचा राजा केवळ त्या कारणानें बाजारी कलमाच्या राजास भारी ठरत नसे.

'मॅजिक'च्या कंपनीचें ह्या बाबतींतील वर्तन प्रथमपासून दुहेरी आहे. १९९३ च्या डिसेंबरमध्यें तिनें एका पेटींत संपूर्ण संच विकावयास काढला. किंमत पन्नासेक डॉलर. 'ब्लॅक लोटस'सुद्धां सारे ३०२ पत्ते त्यांत होते, परंतु कोपरे चौकोनी, पाठीमागें सोनेरी कडा, आणि सामन्यांत ते चालावयाचे नाहींत. हे बदली पत्तेच होते. फक्त ते मालकानें स्वतः केलेले. पुढें १९९७ ते २००४ पर्यंत जगज्जेत्या खेळाडूंचे जोड सोनेरी कडा लावून असेच विकण्यांत आले. मध्यंतरीं १९९५ सालीं 'क्रॉनिकल्स' नांवाच्या मालेंत जुने पत्ते पुन्हां छापले, तेव्हां त्यांच्या किमती उतरल्या आणि संग्राहकांनीं एकच कोलाहल केला. १९९६ सालीं कंपनीनें एक राखीव यादी जाहीर करून तींतील पत्ते पुन्हां कधींहि छापणार नाहीं असें वचन दिलें. २०१० सालीं त्या वचनांतील उरलेली पळवाटहि बुजविण्यांत आली. यादींत पांचशेंहून अधिक पत्ते आहेत.

वचन पाळणें हा सद्गुण आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण हें वचन कपाटवाल्यांस दिलेलें होतें, टेबलावर बसणारांस नव्हे. पत्ते फाटतात, भिजतात, हरवतात. नवे छापावयाचे नाहींत. खेळणारे मात्र वाढतात. ह्याचा परिणाम गणित न शिकलेल्यासहि सांगतां येईल. जुन्या पत्त्यांच्या सामन्यांत खेळाडू मिळेनासे झाले, तेव्हां अमेरिकेंतील कित्येक मंडळांनीं कंपनीच्या मान्यतेची पर्वा न करतां दहा किंवा पंधरा बदली पत्ते चालतील असा स्वतःचा नियम केला. इतिहासांत असे नियम गरजेपोटींच जन्मतात. घरगुती खेळांत तर कोणाची परवानगी घेण्याचेंहि कारण नव्हतें. साध्या भूमीच्या पत्त्यावर शाईनें नांव लिहावें, किंवा कागदावर छापलेलें चित्र दुसऱ्या पत्त्यासह अपारदर्शक पाठीच्या पिशवींत सरकवावें, कीं काम झालें. सर्व पाठी सारख्या दिसत असल्यामुळें कोणता पत्ता येणार हें ओळखूं येत नाहीं. समंजस खेळाडू नुसतें नांव न लिहितां पत्त्यावरील नियमहि पूर्ण लिहितो. नाहींतर समोरच्यास दर खेपेस विचारावें लागतें, आणि विचारण्यानेंच आपल्या मनांतील बेत फुटतो.

अलीकडे 'कमांडर' नांवाचा प्रकार फार लोकप्रिय झाला आहे. प्रत्येकाचा शंभर पत्त्यांचा जोड, भूमीचे साधे पत्ते वगळून कोणताहि पत्ता दुसऱ्यांदां नाहीं, आणि बहुधा चौघांची बैठक. हा प्रकार खेळाडूंनींच अलास्कांत सुरू केला. कंपनीनें त्यासाठीं खास जोड काढले ते २०११ सालीं. त्यांत डाव मांडण्यापूर्वीं आपल्या जोडाचें बळ किती, त्यांत बदली पत्ते आहेत काय, हें बोलून घेण्याची रीत पडली आहे. हजारों डॉलरांचा जोड असलेल्या मित्रासमोर शिकवणीच्या पैशांवर राहणारा विद्यार्थी शाईनें लिहिलेला पत्ता टाकतो, आणि हरल्यास बुद्धीनें हरतो, खिशानें नाहीं. आम्हांस ह्यांत दोष दिसत नाहीं.

तथापि दुसरी बाजू अगदींच पोकळ नाहीं. शाई स्वस्त असली कीं लोभास बांध राहत नाहीं. ज्या मंडळांत कालपर्यंत प्रत्येकजण जवळच्या चार बऱ्या-वाईट पत्त्यांतून युक्ति काढीत होता, तेथें सर्वजण तेच बलवान् पन्नास पत्ते लिहून आणूं लागले, तर सर्वांचे जोड एकसारखे होतात. दारिद्र्यांतून येणारी कल्पकता हा खेळाचा अर्धा रस आहे. शिवाय ज्या दुकानदाराच्या टेबलावर हीं मंडळी रात्रीं दहापर्यंत बसतात, त्याचें भाडें पाकिटांच्या विक्रींतून निघतें. ह्या आक्षेपांस उत्तर नियमानें मिळण्यासारखें नाहीं. जेथें बदली पत्त्यांची संख्या व दुकानदाराचा मान दोन्ही चौघांनीं ठरवून सांभाळले, तेथें खेळ टिकला.

बनावट पत्त्याची गोष्ट निराळी. २०१३-१४ च्या सुमारास खऱ्याशीं हुबेहूब मिळते असे छापील पत्ते बाजारांत येऊं लागले. त्यांच्या पारखीचें एक शास्त्रच बनलें. अस्सल पत्त्याच्या दोन थरांमध्यें निळसर गाभा असतो. उजेडापुढें धरला असतां प्रकाश किती झिरपतो हें पाहतात. भिंगांतून छपाईच्या ठिपक्यांची फुलासारखी रचना तपासतात. सराफाच्या दुकानांतील कसोटीचीच ही भावंडें. ह्या पत्त्यानें खेळ बिघडत नाहीं, पण अदलाबदलींत आपला खरा पत्ता देऊन तो घेणारा मुलगा लुबाडला जातो. म्हणून बदली पत्त्याच्या अंगावर त्याची जात उघड लिहिलेली असावी, ह्या बाबतींत आम्ही कोणतीहि सवलत देण्यास तयार नाहीं.

कंपनीनेंहि अखेर हाच भेद मान्य केला. २०१६ च्या जानेवारींत तिनें जाहीर केलें कीं, अधिकृत सामन्याबाहेर स्वतःपुरते केलेले चाचणीचे पत्ते हा आपल्या चिंतेचा विषय नाहीं. बनावट पत्ते मात्र आहेत. 'चाचणीचे पत्ते' ह्या शब्दांत गारफील्डच्या कात्रीचा खटका पुन्हां ऐकूं आला. परंतु सहा वर्षांनींच, खेळाच्या तिसाव्या वर्षाचें निमित्त करून, तीच कंपनी चार पाकिटें ९९९ डॉलरांस विकूं लागली. प्रत्येकांत पंधरा पत्ते. राखीव यादींतील जुनीं नांवें त्यांत होतीं, पण पाठ निराळी, सामन्यांत मनाई, आणि आंत काय निघेल तें नशिबावर. १९९३ सालीं पन्नासेक डॉलरांत सबंध संच मिळत होता. खेळाडू संतापले तें आम्हांस रास्तच वाटतें. कारण कंपनीच्याच नियमाप्रमाणें हा पत्ता आणि शाईनें नांव लिहिलेला पत्ता सामन्यांत सारखेच निरुपयोगी होते.

अधिकृत सामन्यांत बदली पत्ता चालतो तो मोजक्याच परिस्थितींत. सामना चालू असतां एखादा पत्ता फाटला, किंवा नव्या पाकिटांतून सदोष निघाला, तर मुख्य पंच त्याच्या जागीं दुसरा पत्ता करून देतो व तो बदली आहे हें त्यावर स्पष्ट दिसेल असें नमूद करतो. मूळ पत्ता खेळाडूनें जवळच ठेवावयाचा असतो. बदली पत्ता जोडांत वा हातांत असेपर्यंत त्याचें काम करतो. सर्वांस दिसेल अशा जागीं तो आला कीं, ओळखूं येण्याजोगा असल्यास मूळ पत्ता त्याच्या जागीं मांडावयाचा.