चौल-रेवदंडा: गाळात रुतलेले बंदर

सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागपासून पन्नासेक किलोमीटरवरचे तेर इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'तगर' या नावाने ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक होते. 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी पुस्तिकेत, तगरचे जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाते, अशी नोंद आहे. त्याच पुस्तिकेत कल्याणनंतर 'सेमुल्ला' नावाचे बंदर येते. हे सेमुल्ला म्हणजे अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेले चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल'च्या दात्यांचे उल्लेख आहेत. स्थानिक परंपरा गावाला चंपावती म्हणते.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला, तेव्हा कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद इथून आलेले सुमारे १०,००० मुसलमान या बंदरात राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे बहमनी काळात चौलला खरे महत्त्व आले ते घोड्यांमुळे. दख्खनच्या हवेत घोड्याची चांगली पैदास होत नसे आणि फौजेला घोडा तर हवाच. तो होर्मुझहून गलबतात चढे आणि चौलला उतरे. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागे जमत. तिथून तो जुन्नरला पोचला. तिथल्या सुभेदाराने घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत देईन, असे बजावले. मध्यस्थी झाली, घोडा सुटला आणि निकितिन बीदरकडे निघाला. वास्को द गामा भारतात पोचायला तेव्हा पाव शतकाहून अधिक अवकाश होता.

पोर्तुगिजांची चौलशी पहिली मोठी गाठ पडली ती पराभवाने. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी खाडीच्या तोंडाशी त्यांना गाठले. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. तरी १५२१ मध्ये निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी खाडीकाठी किल्ला बांधायला घेतला. तोच रेवदंडा. जुने चौल निजामशाहीत आणि नवे पोर्तुगिजांकडे, अशी दोन शेजारी बंदरे काही काळ नांदली. रेवदंड्यात चर्च, मठ, जेझुइटांचे विद्यालय उभे राहिले. चौलचे रेशीम आणि लाकडी पेट्या यांची वाखाणणी डच प्रवासी लिन्शोटेन करतो. १५७०-७१ चा निजामशाही वेढा पोर्तुगिजांनी परतवला. १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोरलईचा डोंगरी किल्लाही त्यांनी घेतला. वसई पडल्यावर मात्र टिकाव लागला नाही आणि १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला.

तोवर बंदराचा जीव ओसरत चालला होता. मुंबई वाढत होती, खाडी गाळाने भरत होती, मोठी जहाजे आत येईनाशी झाली. असे अनेक बंदरांचे झाले आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे राय आणि विंचेल्सी ही मध्ययुगातली मातब्बर बंदरे. जुने विंचेल्सी तेराव्या शतकातल्या वादळांनी गिळले, तर रायपासून समुद्र गाळामुळे सुमारे तीन किलोमीटर मागे हटला. पण रायने आपले गोट्यांचे रस्ते आणि लाकडी घरे जशीच्या तशी ठेवली. आज त्यांवरच गावाचे पोट आहे. चौलने दुसरा मार्ग धरला. व्यापार गेला तशी माणसे मातीकडे वळली आणि उजाड पेठांवर माडापोफळीची लागवड झाली.

म्हणून इथे इतिहास शोधावा लागतो. अलिबागहून येणारा रस्ता तटबंदी ओलांडून थेट रेवदंडा किल्ल्याच्या पोटात शिरतो आणि गाव तिथेच सुरू होते. तटाच्या आत घरे, विहिरी, वाड्या. घाटावर ज्याला मळा म्हणतात, तशी ही वाडी: खाली केळी, मध्ये पोफळी, वर माड. त्या सावलीत कुठे चर्चची कमान, कुठे कोरीव अक्षरांचा दगड. 'सातखणी' म्हणून ओळखला जाणारा मनोरा सात मजल्यांचा होता म्हणतात. आता त्यातले काहीच खण उभे आहेत. चौलच्या रामेश्वर मंदिरात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहेत. पाऊस फार लांबला तर पर्जन्यकुंड उघडायचे, अशी रीत. एवढ्या पावसाच्या मुलखालाही ती लागावी, हे दुष्काळी भागातल्या वाचकाला नवल वाटेल. दत्ताच्या टेकडीवर मार्गशीर्षात मोठी जत्रा भरते.

सर्वांत दुर्मीळ गोष्ट मात्र दगडाची नाही. कोरलईच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. बोलणारे तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, आजूबाजूला सगळी मराठी. तरी हजाराच्या आसपास माणसांच्या तोंडी ती राहिली. पर्यटक वरचा किल्ला आणि दीपगृह पाहून उतरतात. गावातून जाताना कानावर काय पडते, याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते.

मुंबईहून मांडव्याला लाँच, पुढे रिक्षा किंवा एसटी, असा सोपा प्रवास असल्याने शनिवार-रविवारी काळ्या वाळूची पुळण भरते. वाड्यांच्या मालकांनी घरगुती खोल्या आणि खानावळी काढल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या माडापोफळी मुळासकट लोळवल्या आणि वाडीवाल्यांना खोल्यांच्या भाड्याचाच काय तो आधार उरला. नव्याने लावलेल्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात; वादळानंतरच्या पावसाळ्यात लावलेली रोपे आता कुठे धरू लागण्याच्या वयाला आली आहेत.